उजव्या वळणावरचा दाजींचा पट्टा

बस उजवीकडे वळली की कडोबाचा डावा हात आपोआप उठायचा आणि डावीकडे जो कुणी उभा असेल त्याच्या कमरेचा पट्टा मागून घट्ट पकडायचा. पकडलेला माणूस दचकून मान वळवायचा, डोळे वटारायचा. कडोबा ओशाळून म्हणायचा, "माफ करा, ड्युटीची सवय." यावर कुणाचं समाधान होत नसे, कारण दुसऱ्याचा पट्टा धरून बसायची ड्युटी असते हे कोण कसं मानणार? एका गृहस्थांनी तर आधी खिसा चाचपला आणि उतरेपर्यंत त्यावरून हात काढला नाही. शेवटी बायकोनेच तोडगा काढला. लांब पट्ट्याची एक भक्कम पर्स तिने विकत घेतली आणि बसमध्ये ती नेहमी त्याच्या डाव्या हाताला उभी राहू लागली. वळण आलं की पर्सचा पट्टा त्याच्या मुठीत. मैत्रिणींना ती सांगायची, बाकीच्यांचे नवरे बायकोचा हात धरतात, आमचे पर्स धरतात, आणि तीसुद्धा फक्त उजवीकडे वळताना.

कडोबा अग्निशमन केंद्रात जवान होता. आईबापांनी ठेवलेलं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. कडोबा हे नाव त्याला मिळालं ते गाडीच्या दारामुळे.

ती केंद्रातली दोन नंबरची गाडी. नवीकोरी आली त्या दिवशी सगळी माणसं तिच्याभोवती घोटाळत होती. कुणी तिच्या आरशात भांग पाडत होतं, कुणी घंटेवर हळूच नखाने टिचकी मारून कान लावत होतं. नव्या नायिकेचा पहिला प्रवेश असावा आणि विंगेतल्या गर्दीला श्वास घ्यायचं भान नसावं, तसं वातावरण होतं. पुढच्या बाकावर तिघांची जागा. उजवीकडे चालक, ज्याला सगळे गुणगुण्या म्हणायचे, कारण तो बोलायचा नाही, नुसता इंजिनाच्या सुरात सूर मिसळून गुणगुणायचा. मधे कडोबा. आणि डाव्या दाराशी दाजी.

दाजी म्हणजे कडोबाच्या थोरल्या ताईचे यजमान. केंद्रात नळीचं तोंड धरायचा मान त्यांचा. उंचेपुरे, रुंद खांद्यांचे, आणि हेल्मेट घातलं की आणखी एक मजला चढवल्यासारखे. त्यांनीच खटपट करून मेहुण्याला या नोकरीत चिकटवलं होतं, आणि हे ते वर्षातून एकदा तरी, दुसऱ्याच कुठल्या विषयावर बोलताना, आठवणीने सांगायचे.

नव्या गाडीचा पहिला कॉल आला. गाडी घंटा वाजवत फाटकातून निघाली, चौकात गुणगुण्याने झोकात उजवीकडे वळवली, आणि डावं दार सताड उघडलं. दाजी अर्धे बाहेर. एक पाय पायरीवर, एक हवेत, हातातलं हेल्मेट थेट फुटपाथच्या दिशेने पुढे केलेलं. जणू नाटक संपल्यावर प्रेक्षकांना अभिवादन करायला आले आहेत. कडोबाने कसा कोण जाणे, त्यांच्या कमरेचा रुंद चामडी पट्टा धरला आणि दोन्ही पाय डॅशबोर्डला टेकवून ओढलं. दाजी आत आले, दार मिटलं, फुटपाथवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आग कुठे लागली होती ते आज कुणाला आठवत नाही. वळण मात्र सगळ्यांना आठवतं.

दाराच्या कुलपातला खटका वळणावर निसटायचा, हे सरळ दिसत होतं. तक्रार वर गेली. वरून उत्तर आलं की अशी तक्रार दुसरीकडून आलेली नाही, तरी दार जपून वापरावं. मग खात्याचा फिटर आला. त्याने उभ्या गाडीचं दार वीस-पंचवीस वेळा उघडलं, मिटलं, आपटलं. दार परीक्षेला बसलेल्या हुशार पोरासारखं वागलं. गाडी उजवीकडे वळवून दाखवतो म्हटलं तर फिटर म्हणाला, वळणं माझ्या कामात येत नाहीत. तेव्हापासून दर महिन्याच्या बैठकीत कडोबा उभा राहून दाराचा विषय काढायचा, आणि साहेब, म्हणजे केंद्रप्रमुख, तो विषय नोंदवून चहा मागवायचे.

तोवर आगी काही थांबणार नव्हत्या. म्हणून त्या बाकावर एक पद्धत बसली. वळण जवळ आलं की दाजी म्हणायचे, "दार." कडोबा पट्टा धरायचा, अंग उजवीकडे झोकायचा, दाजीही झुकायचे, गुणगुण्याही झुकायचा, कारण एकट्याने सरळ बसून राहणं बरं दिसत नाही. वळण संपलं की मूठ सुटायची. दाराला कडी नव्हती, तर कडोबा कडी झाला. दुसऱ्या पाळीला वेगळी गाडी होती, त्यामुळे ही जागा या तिघांचीच, आणि ती अशी अंगवळणी पडली होती की समोरून येणाऱ्या माणसाला वाटावं, तीन जण एकाच वाऱ्याने डुलताहेत.

एवढं सगळं छान चाललं असताना मधे नाटक शिरलं.

शाळेतल्या मुलांना आगीची माहिती द्यायला केंद्राने एक छोटं नाटक बसवायचं ठरवलं. कडोबाला त्यात आगीचं काम मिळालं. आगीला मुळात तीन वाक्यं होती. कडोबाने ती वाढवत वाढवत एक लांबलचक भाषण केलं. काडीच्या टोकावर जन्मलेली आग, स्वयंपाकघरात राबणारी आग, कुणी लक्ष दिलं नाही म्हणून वाट चुकलेली आग, आणि शेवटी विझता विझता मुलांचा निरोप घेणारी आग. पोशाख ताईने शिवला, जुने पडदे फाडून त्यांच्या पिवळ्या-नारिंगी झिरमिळ्या लावून. तालमीला घरात जागा नव्हती म्हणून कडोबा ताईकडे जायचा आणि बाहेरच्या खोलीत हात पसरून जळायचा. आतल्या खोलीत दाजी वर्तमानपत्र वाचत असायचे. नाटकातला अग्निशामक त्यांनाच व्हायचं होतं. त्यांचं काम सोपं होतं. भाषणाच्या शेवटी आग म्हणणार, "आता मला शांत करील ते फक्त पाणी." पाणी हा शब्द आला की दाजींनी विंगेतून खरी नळी घेऊन यायचं आणि बारीक फवारा सोडायचा.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी कडोबाला सुरुवातीसाठी आणखी एक जोरकस ओळ सुचली, आणि हौसेच्या भरात ती कुणाला सांगायची राहून गेली. शाळेच्या सभागृहात पडदा उघडला, झिरमिळ्या पसरून आग पुढे आली आणि गरजली, "मी आग! मी भीत नाही वाऱ्याला, मी भीत नाही पाण्याला."

दाजी विंगेतून आले. फवारा बारीक ठेवायचं ते धांदलीत विसरले.

कडोबा मागच्या पडद्यावर जाऊन आदळला. उठून "काडीच्या टोकावर" एवढं म्हणाला, तर पाणी तोंडात. पिवळा रंग नारिंगीत उतरला, नारिंगी फरशीवर उतरला. मुलं बाकांवर उभी राहून ओरडत होती. मुख्याध्यापिकाबाईंनी डोळे पुसत सांगितलं की इतका परिणामकारक कार्यक्रम आजवर शाळेत झाला नाही.

मागे कपडे बदलायच्या खोलीत कडोबा ठिबकत उभा राहिला आणि त्याने दाजींना विचारलं की एवढ्या दिवसांच्या मेहनतीवर पाणी ओतताना काही वाटलं का. दाजी म्हणाले, शब्द आला, मी आलो. कडोबा म्हणाला, शब्द शेवटी यायचा होता. दाजी म्हणाले, मग सुरुवातीला का आणलास? दोघांचंही बरोबर होतं, आणि म्हणूनच ते भांडण मिटण्यातलं नव्हतं. पण दाजींनी वर एक वाक्य जोडलं. "आग दिसली की विझवायची असते, मेहुणे. तिला भाषण करू देत नाहीत." खोलीतले सगळे हसले. कडोबा ओल्या झिरमिळ्यांनिशी तसाच बसमध्ये चढला आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी होते न होते तोच गादीच्या कारखान्याचा कॉल आला. तिघे बाकावर बसले. कडोबाचं तोंड काचेकडे, दाजींचं तोंड खिडकीकडे, गुणगुण्याचंही गुणगुणणं बंद. चौक जवळ आला. कडोबा मनात म्हणत होता, दाजी शब्द काढणारच नाहीत, मग दार उघडलं की कळेल त्यांना. तोवर शेजारून आवाज आला, कोरडा, भिंतीला सांगावं तसा. "दार."

कडोबाने हात हलवायचा नाही असं ठरवायला घेतलं. पण तो ठरवत होता तोवर हात निघून गेला होता. मूठ पट्ट्यावर, पाय डॅशबोर्डला, अंग उजवीकडे. रागाने त्याने नेहमीपेक्षा जास्तच आवळलं. दाराने नुसता खडखडाट केला, उघडलं नाही. त्या रस्त्यावर तीन उजवी वळणं होती, आणि तिन्ही वळणांवर तेच झालं.

तेव्हापासून दोघांमधे तो एकच शब्द उरला. कडोबा ताईकडे जायचा, पण दाजी गॅलरीत कुंड्यांना पाणी घालायला जायचे, आणि कुंड्या दोनच असल्या तरी तो जाईपर्यंत घालत राहायचे. वाढदिवस आले, आजारपणं आली. कडोबाच्या मुलीच्या लग्नात दाजींनी मांडवात उभं राहून सगळ्या पाहुण्यांना आग लागली तर कुठून बाहेर पडायचं ते दाखवलं, कडोबाला सोडून. आणि कडोबाही असा की भांडणातसुद्धा त्याच्या मनात दाजी कधी 'तो' झाले नाहीत. चिडून चिडून तो इतकंच म्हणायचा, "काय समजतात ते स्वतःला."

एक गोष्ट मात्र सगळ्या केंद्राच्या ध्यानात आली होती. त्या दिवसानंतर वळणावर दार एकदाही सताड उघडलं नाही. वाजायचं, थरथरायचं, पण उघडायचं नाही. कडोबाने याचं कारण शोधून काढलं होतं. राग आला की माणसाच्या बोटांत बळ येतं, आणि त्याच्या बोटांतलं बळ आता असं वाढलं होतं की दाजींचा भार दारावर पडतच नव्हता. साहेबांना ते पटलं. एका वार्षिक समारंभात त्यांनी कडोबाच्या पकडीबद्दल त्याला प्रशस्तिपत्र दिलं. ते फ्रेम करून त्याने बाहेरच्या खोलीत लावलं होतं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं.

अशी कित्येक वर्षं गेली. दोघांचे केस पिकले, दाजींच्या पट्ट्याला दोन भोकं नवीन पाडावी लागली. आणि एका सकाळी हजेरीला साहेब हसत हसत आले. गाडी बनवणाऱ्या कंपनीचा फोन आला होता. त्या वर्षी बनवलेल्या सगळ्या गाड्यांच्या डाव्या दाराच्या कुलपात दोष निघाला होता. आतला खटका झिजून निसटतो, विशेषतः उजव्या वळणावर. कंपनी दिलगीर होती. तिने सगळ्या गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्या होत्या, आणि ज्यांना गाडी सोडता येत नाही त्यांच्याकडे मेकॅनिक पाठवणार होती. कुलूप फुकट बदलून मिळणार. शिवाय बाक काढून तीन स्वतंत्र आसनं, प्रत्येकाला पट्टा.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब कडोबाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "सुटलास. आता मागच्या केबिनमधे ऐसपैस बस. मधे कोंबून घ्यायची गरज नाही." कडोबाने हसायचा प्रयत्न केला. तो चेहऱ्यापर्यंत पोचला नाही.

त्यानंतरचे दिवस केंद्राने असा कडोबा पाहिला की कुणाचा विश्वास बसेना. दर महिन्याला दाराच्या नावाने शंख करणारा हा माणूस साहेबांच्या टेबलासमोर उभा राहून सांगू लागला की जुन्या गाडीला हात लावू नये. एक स्क्रू काढला की दहा ढिले होतात. कंपनीच्या माणसांना गाडीचा स्वभाव माहीत नसतो. शिवाय दाराला आता वळण लागलं आहे, त्याचं मन कशाला मोडायचं? साहेब तोंडाचा आ करून ऐकत राहिले. त्यांनी विचारलं, मग इतकी वर्षं बैठकीत बोंबलत होतास ते काय होतं? कडोबा म्हणाला, तेव्हा माझं वय लहान होतं.

घरी जेवताना तो पाचव्यांदा म्हणाला की या कंपन्यांना उशिरा जाग येते आणि मग चांगलं चाललेलं मोडायला निघतात. बायकोने ताटात वाढता वाढता सरळ सांगितलं.

"दार दुरुस्त झालं की दाजींशी बोलणं बंद होणार, म्हणून हा सगळा जळफळाट."

"बोलणं? एक शब्द आहे तो."

"तोच म्हणते मी."

कडोबाने मान खाली घालून जेवण संपवलं. ती म्हणत होती ते अगदी खरं होतं. मागच्या केबिनमधून दाजींचं फक्त हेल्मेट दिसणार. ना शब्द, ना पट्टा. दोन-तीन वर्षांत दोघंही निवृत्त होणार, आणि मग एक जण कुंड्यांना पाणी घालत बसणार, दुसरा बसमधे पर्स धरून. आपणच आधी बोलावं असंही त्याच्या मनात येऊन गेलं. आरशासमोर उभा राहून त्याने दोनदा "दाजी" म्हणून पाहिलं. पण भिजला होता तो, भिजवणारा नव्हे. भिजलेल्याने आधी बोलायचं हे कुठल्या नाटकात बसतं?

त्या आठवड्यात तो ताईकडे गेला. दाजी नेहमीप्रमाणे गॅलरीत गेले. ताई लोखंडी कपाटातून काही काढत होती. ते हिरवं कपाट कितीतरी वर्षं नीट मिटत नव्हतं. कुणी शेजारून चाललं तरी दार आपलं आपण उघडायचं आणि चालणाऱ्याच्या कपाळावर बसायचं. म्हणून ताईने दाजींचा एक जुना चामडी पट्टा कपाटाभोवती आवळून बांधला होता. कडोबा त्यावर नेहमी हसायचा, अग्निशामकाच्या घरात कपाटालाही युनिफॉर्म म्हणायचा. आज त्याला हसू आलं नाही. पट्ट्याकडे बघत तो म्हणाला, "ताई, आमचं दार बदलणार आहेत."

ताईने कपाटाचा पट्टा सोडला, परत बांधला आणि गॅलरीच्या दिशेने मोठ्याने म्हणाली, "बदलू देत की. कुणाच्या तरी घरचं दार लागेल एकदाचं." कडोबाला याचा अर्थ लागला नाही. गॅलरीत झारी खाली पडल्याचा आवाज आला.

कंपनीची मेकॅनिक आली ती कानामागे स्क्रूड्रायव्हर खोचून. तरुण, चटपटीत बाई. आल्या आल्या तिने सगळ्या केंद्राची माफी मागितली, जणू खटका तिच्याच हातून झिजला होता. बाकीच्या गाड्यांत काय काय झालं ते तिने सांगितलं. एका ठिकाणी शिडीवाला वळणावर थेट भाजीच्या ढिगात बसला होता. एका गावात दार उघडून गाडी पुढे गेली आणि दार मागे राहिलं. इथे काय झालं, तिने विचारलं. सगळ्यांनी कडोबाकडे बोट दाखवलं आणि पकडीची हकिकत सांगितली. ती कौतुकाने ऐकत दाराचं आतलं पत्र्याचं झाकण उघडू लागली. कडोबा छाती काढून उभा होता. दाजी मात्र पाण्याच्या टाकीमागे सरकत होते.

झाकण निघालं. मेकॅनिक आत डोकावली. थांबली. टॉर्च लावून पुन्हा डोकावली.

"हे कुणी केलं?" तिने विचारलं.

तिने दोन स्क्रू सोडवले आणि आतून एक हिरवा खटका काढून तळहातावर धरला. हा आमचा नाही, ती म्हणाली. हा घरगुती कपाटाचा आहे. पण बसवलाय असा चोख की आमच्या कारखान्यात शिकवायला ठेवावा. हे दार कित्येक वर्षांत वळणावर आपोआप उघडलेलं नाही, उघडणं शक्यच नाही.

"वाजायचं," गुणगुण्या म्हणाला. केंद्राने त्याच्या तोंडून ऐकलेला तो त्या महिन्यातला पहिला शब्द होता.

आतून कुणी कोपराने ठोकलं तर वाजेल, मेकॅनिक म्हणाली. सगळ्यांनी दाजींच्या कोपराकडे पाहिलं. दाजींनीही पाहिलं, हे कुणाचं इथे आलं अशा नजरेने.

कडोबाने खटका हातात घेतला. तो हिरवा रंग, कडेचा उडालेला टवका, त्याला सगळं ओळखीचं वाटत होतं. ताईच्या घरचं पट्ट्याने बांधलेलं कपाट त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं आणि त्याच्या मनातले सगळे स्क्रू एकदम फिरले. प्रशस्तिपत्र आठवलं. बोटांतलं बळ आठवलं. साहेबांनाही ते प्रशस्तिपत्र आठवलं असावं, कारण ते उगाच आकाशाकडे बघायला लागले.

"कधी?" कडोबाने विचारलं. इतक्या वर्षांनी दाजींशी बोललेला तो पहिला शब्द होता.

दाजी टाकीमागून बाहेर आले. "नाटकाच्या दिवशी. संध्याकाळी येऊन बसवला."

"का?"

दाजींनी हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. "वाटलं, तू सोडशील."

कडोबाचे कान लाल झाले. शाळेत अंगावर पडलेलं पाणी या एका वाक्यापुढे काहीच नव्हतं. "मी सोडेन?" तो म्हणाला. "तुम्हाला? ताईच्या नवऱ्याला?"

"एक संध्याकाळ वाटलं होतं. सकाळी चौक आला, सवयीने तोंडातून शब्द गेला. तू धरलंस." दाजींनी कोपर चोळलं. "मग सांगायचं कसं? सांगितलं असतं तर तू धरणं बंद केलं असतंस."

मेकॅनिकने नाक ओढलं आणि धुळीचं निमित्त केलं. कडोबा खटका खिशात टाकून फाटकापाशी जाऊन उभा राहिला, सगळ्यांकडे पाठ करून. एका परीने त्याला फार राग आला होता. दुसऱ्या परीने, आपण रोज ज्या शब्दाची वाट बघत होतो त्याची दुसरंही कुणी वाट बघत होतं, हे समजून तो खिशातला खटका चाचपत राहिला. यातलं नेमकं काय वाटून घ्यायचं ते त्याला ठरवता येईना.

दुपारपर्यंत नवं कुलूप बसलं, आसनं बसली. मेकॅनिकला चाचणी घ्यायची होती, आणि रोजचीच माणसं रोजच्याच जागी हवी होती. साहेबांनी कडोबाला हाक मारली. तो आला, मधे बसला, नवा पट्टा लावला. दाजींनी त्यांचा लावला. गुणगुण्याने गाडी काढली. मेकॅनिक मागच्या केबिनमधून डोकं पुढे काढून दाराकडे बघत होती.

चौक आला. दाजी गप्प. कडोबाने डावा हात मांडीखाली दाबून धरला. गाडी उजवीकडे वळली. दार जागचं हललं नाही, वाजलंही नाही, मुळात त्या दाराला वळण आलं हे कळलंच नाही. आणि मांडीखालचा हात बाहेर येऊन दाजींच्या कमरेला गेला, नव्या पट्ट्याखालून चाचपडत, जुन्या पट्ट्यापर्यंत.

"दार बंद आहे," दाजी म्हणाले.

"माहीत आहे," कडोबा म्हणाला. वळण संपून गाडी सरळ लागली तरी त्याने हात काढला नाही. मागून मेकॅनिकने चाचणी समाधानकारक म्हणून सांगितलं. गुणगुण्या गुणगुणायला लागला.

केंद्राच्या फाटकाशी येईपर्यंत दाजी खिडकीबाहेर बघत होते. मग त्यांनी भिंतीला सांगावं तसं सांगितलं, "संध्याकाळी दोघं या. खटका बसवायचाय. तुझी ताई मला आता घरात घेणार नाही त्याच्याशिवाय."

संध्याकाळी कडोबा बायकोला घेऊन गेला. कपाटाभोवतीचा पट्टा ताईने स्वतःच्या हाताने सोडला. नाटकाच्या दिवशीच मी म्हणाले होते, ती सांगत होती, की माझा भाऊ सोडणार नाही, उगाच माझं कपाट उघडं टाकू नका. पण ऐकतात कुठे? कडोबाने दार दाबून धरलं, दाजींनी खटका बसवला. पहिल्या खेपेला उलटा बसला. दोघांनी एकमेकांवर ढकललं, स्क्रू परत काढले, दुसऱ्या खेपेला दार टक्कन लागलं. ताईने ते सात-आठ वेळा उघडून मिटून पाहिलं, आणि दर वेळी तिला नव्याने समाधान झालं.

मग सगळे बसले. बोलायची सवय मोडली होती. शेवटी दाजींनी घसा खाकरला.

"त्या भाषणात पुढे काय होतं?"

कडोबाने आता ते आठवत नाही म्हणून आढेवेढे घेतले. बायकोने सांगितलं की आंघोळ करताना रोज म्हणतात. मग तो उठला, बाहेरच्या खोलीत त्याच जुन्या जागी उभा राहिला आणि हात पसरले. केस पांढरे, पोट थोडं पुढे, पण आवाज तोच. "मी आग! मी भीत नाही वाऱ्याला, मी भीत नाही पाण्याला."

ताईने टेबलावरचा पाण्याचा जग उचलून आपल्या मांडीवर घेतला.

काडीच्या टोकावर जन्मलेली आग आली, चुलीत राबणारी आग आली. वाट चुकलेल्या आगीपाशी कडोबा अडला. छताकडे बघितलं, हात हवेत तसेच. "दिव्याशेजारी पडदा होता," दाजी हळूच म्हणाले. "त्याने मला जवळ बोलावलं." आतल्या खोलीत वर्तमानपत्र धरून ऐकलेलं सगळं भाषण त्यांच्या डोक्यात शब्द न शब्द बसलं होतं. कडोबाने प्रॉम्प्टरकडून वाक्य उचलावं तसं ते उचललं आणि पुढे निघाला. आग म्हातारी झाली, आगीने मुलांचा निरोप घेतला, कडोबा हळूहळू गुडघ्यांवर आला, आवाज खाली खाली आणला. त्याच्या बायकोने पर्सचा पट्टा घट्ट धरला होता.

"आता मला शांत करील," तो म्हणाला, "ते फक्त पाणी."

आणि डोळे मिटून, हात पसरून तसाच थांबला.

काही झालं नाही. त्याने एक डोळा किलकिला केला. दाजी खुर्चीत पुढे झुकून, हनुवटी तळहातावर टेकवून, आणखी काही येईल म्हणून ऐकत बसले होते.

"अहो," ताई जग पुढे करत म्हणाली, "पाणी."